दंतवैद्यकाची जागा आम्ही सोडली

नीटचा निकाल लागला त्या संध्याकाळीच कळलं, की मुलीला सरकारी एमबीबीएस मिळणार नाही. खासगीची फी आमच्या आवाक्यातली नव्हती आणि पुन्हा वर्षभर क्लास लावायला ती तयार नव्हती. मी कागद घेतला आणि रकाने आखले: प्रवेश किती अवघड, शिकायचं किती वर्षं, पुढे काम कुठे.

दंतवैद्यकाला एमबीबीएसच्या खालोखाल मागणी. पण कसबा बावड्यात आमच्याच रस्त्याला दातांचे दवाखाने एकमेकांना खेटून उभे आहेत, आणि स्वतःचा काढायचा तर खुर्चीपासून सगळं विकत घ्यायचं. आयुर्वेदाच्या चांगल्या कॉलेजांतही चुरस भरपूर, जम बसायला मात्र वेळ. होमिओपॅथीचा प्रवेश सोपा, पुढची वाट ज्याची त्याने काढायची. नर्सिंगला नोकरी सगळ्यांत लवकर, परदेशातसुद्धा, रात्रपाळी कायमची. फिजिओथेरपी या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी. सुरुवातीचा पगार थोडा, पण गुडघे बदललेली म्हातारी माणसं आणि खांदे निखळलेले पैलवान कोल्हापुरात कमी पडत नाहीत.

कागद चांगला झाला होता. निवड मात्र मी एकाच रकान्यावरून केली. जिथे प्रवेश अवघड ते वर, कारण मिळालेले मार्क वाया जायला नकोत. पहिल्याच फेरीत दंतवैद्यकाची जागा लागली.

मुरगूडहून दिराचा फोन आला. "वैनी, पेढं कुठं हायत? डॉक्टर झाली की पोरगी!"

पोरगी शेजारच्या खोलीत होती. निकालापासून ती जेवणाच्या ताटावरही हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. मला वाटलं, दमली असेल.

त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. व्यायाम मुलगी करून घ्यायची. मी भाजी निवडत ऐकत होते.

"आजोबा, टाच खाली दाबा."

"न्हाय दाबत. दुखतंय."

"दुखतंय म्हणूनच दाबा. काल इथवर आलाय, आज मागं जायचं न्हाय."

"तू मास्तरीण हो, मास्तरीण. डॉक्टर नको हुस."

ती मोठ्याने हसली. ते हसू ऐकून मी भाजी बाजूला ठेवली आणि आत गेले.

"तुला दातांचं नकोय का?"

"नकोय. फिजिओच पाहिजे."

"अगं, त्याच्यापेक्षा हे मिळायला किती अवघड! लोक वाट बघत असतात."

"आई, अवघड आहे ते कॉलेजच्या दारातून आत जायला. तू मला दारात सोडून घरी येणार. आत मला राहायचंय, आणि नंतर चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघायचंय."

सासरे पलंगावरून म्हणाले, "खरं हाय की ते."

अडचण खरी होती. फिजिओथेरपीची फेरी नंतर होती. मूळ कागदपत्रं दंतवैद्यकाला जमा केली की ती सोडवून आणायची खटपट; जमा नाही केली तर हातातली जागा गेली आणि पुढची लागेलच याची खात्री नाही. गेल्या वर्षीचे कट-ऑफ मी पुन्हा पाहिले. जागा मिळण्यासारखी होती. मिळेलच असं कुणी सांगत नव्हतं.

आम्ही कागदपत्रं घरातच ठेवली. दीर चिडले. "हातातलं सोडून पोरीला मालिश शिकायला धाडताय व्हय?" मी त्यांना म्हटलं, "लागलं नाही तर मला बोला, तिला नको." पुढचे दिवस मी डबे घासले, कपाटं आवरली, आणि मोबाईल सतत ओट्यावरच ठेवला.

फेरीची यादी लागली तेव्हा मुलीनेच आधी पाहिली. किंचाळली. जागा सांगलीच्या बाजूला लागली होती, एसटीने रोज जाऊन-येऊन करण्यासारखी.

कागदपत्रं द्यायला मी सोबत गेले. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स मी क्रमाने लावल्या होत्या. कारकुनाने मूळ प्रती घेतल्या, पावती दिली. मी पुढे होऊन एसटीचा पास, वेळापत्रक, गणवेश असं विचारणार, तोवर मुलीने तेच सगळं विचारून टाकलं होतं, आणि शिवाय शरीररचनेचा वर्ग कुठे आहे तेही. मग ती तो बघायला जिन्याने वर निघून गेली.

मी पिशवी घेऊन बाकावर बसले. अर्धा तास मला कुणी काही विचारलं नाही. बरं वाटलं.