तो गावाला गेलाय

मला त्या बाईचा राग येतो. ती सोळाशे वर्षांपूर्वी होऊन गेली, ख्रिस्ती लोक तिला संत मानतात, आणि मी कुरुंदा गावची, बौद्धाच्या घरातली पोरगी. तिचा माझा काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध एवढाच, की तिचं एक वाक्य मी उचललं आणि आजवर त्यातच अडकून बसले.

ती मला भेटली वसमतला. बारावीपर्यंत मी तिथे सिस्टरांच्या वसतिगृहात होते. तिथे एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, दूर दक्षिणेकडच्या. संध्याकाळी आम्ही पोरी तांदूळ निवडायला बसलो की त्या मोडक्या मराठीत, मधेच हिंदीत शिरत, संतांच्या गोष्टी सांगायच्या. बहुतेक गोष्टींत कुणाला तरी सिंहापुढे टाकलेलं असायचं. हिच्या गोष्टीत सिंह नव्हता, नुसतं घर होतं. म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

बापाने तिचं लग्न लहानपणीच ठरवलं. लग्नाआधीच मुलगा वारला. बाप दुसरं स्थळ बघायला लागला तेव्हा ती म्हणाली, ठरलं तेव्हाच माझं लग्न झालं. तो मेला नाही, देवापाशी जिवंत आहे, लांबच्या गावाला गेलाय. नवरा गावाला गेला म्हणून बायको दुसरं लग्न करते का? बापाने स्थळं बघणं सोडलं. मग ती आईपाशीच राहिली. आईची रोटी स्वतःच्या हाताने करून घालायला लागली, घरच्या मोलकरणींना आईच्याच पंगतीला बसवलं, आणि हळूहळू त्या घराचा मठ केला. पंगतीचा भाग आला की आम्ही पोरी खूश व्हायचो. पंगतीतून उठवलेल्या माणसांच्या कहाण्या आमच्या प्रत्येकीच्या घरात होत्या.

बारावी झाली आणि माझा साखरपुडा झाला. मुलगा जवळा बाजार गावचा. चांगला होता म्हणतात. मला त्याच्याशी नीट बोलायलाही मिळालं नव्हतं. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, ती साडी त्याच्या घरच्यांनी साखरपुड्यालाच दिली. लग्न तोंडावर आलं असताना तो शेतातली मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागून गेला. मी खूप रडले. त्यातलं त्याच्यासाठी किती आणि भीतीने किती, हे मला कळत नव्हतं.

वर्ष सरायच्या आत काकांनी दुसरं स्थळ आणलं. मला डीएड करायचं होतं. शिकायचंय म्हटलं तर कुणी कान देईना. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य निघालं.

"माझं लगीन ठरलं तवाच झालं. त्यो मेला न्हाई, गावाला गेलाय."

बाबा भडकले. "आपल्यात असलं काई न्हाई. आपण विधवेचं बी लगीन लावतो, आन् तू तर विधवा बी न्हाईस. हे खूळ कुठून आणलंस?"

बाबांचं बरोबर होतं. ते पुढारलेलं बोलत होते आणि मी मागासलेलं. पण मागासलेलं बोलूनच मला शिकायला मिळणार होतं, त्याला मी काय करू? आई चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिचं मन न्हाई." बाबा गप्प झाले. त्या दिवशी मला आईचे पाय धरावेसे वाटले.

डीएड झालं, जवळच्याच शाळेत नोकरी लागली. मला वाटलं, सुटले. पण ते वाक्य गावाने माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. बायका आपल्या पोरींना माझा दाखला द्यायला लागल्या. स्थळ आणणं हा माझा अपमान ठरला, म्हणून कुणी स्थळ आणेना. आमच्याकडे शिवारभर हळद. ती उकडायच्या दिवसांत सगळ्यांचे हात पिवळे होतात, माझेही होतात. पण लग्नघरात नवरीला हळद लावायला मला कुणी पुढे बोलवत नव्हतं, कारण नवरा गावाला गेलेली बाई सवाष्ण की विधवा, हे कुणालाच ठरवता येईना. बदनामी केली असती तर मी दारात उभी राहून भांडले असते. मान देणाऱ्यांशी कसं भांडायचं?

पुढे बाबा गेले, भाऊ पुण्याला गेला, आईचे गुडघे गेले. तिला माझ्याच हातची भाकरी लागते. भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, तू देवमाणूस आहेस, तू आहेस म्हणून मला घोर नाही." आमच्या घरात देव नाही, पण देवमाणूस मात्र मी. त्या संतबाईचं चरित्रही तिच्या भावानेच लिहिलंय, असं सिस्टर सांगायच्या. भावांना बहिणी संत झालेल्या फार सोयीच्या पडतात. तिचा तो भाऊ तिच्या मरणाच्या वेळी आला. तिच्याकडे धड वस्त्र नव्हतं म्हणून त्याने आणलेलं चांगलं वस्त्र तिला नेसवलं, तर ती नवरीसारखी दिसायला लागली. ते शोभेना, म्हणून वरून तिच्या आईचं काळं पांघरूण घातलं. बिचारी मेली तरी आईच्या पांघरुणाखालीच.

यंदा आमच्या शाळेतले एक सर, बंजारा तांड्यावरचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले, वऱ्हांड्यात मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी येऊन आईंशी बोलू का? नको असेल तर आत्ताच सांगा. उद्यापासून आपण परत शाळेचंच बोलू."

मला हो म्हणायचं होतं. त्यांच्यासोबत डबा खाताना मला कितीतरी दिवसांपासून ते म्हणायचं होतं. मी म्हणाले, "रविवारी सांगते."

घरी येऊन भाकऱ्या थापता थापता आईला सगळं सांगितलं. ती आधी जात काढेल असं वाटलं होतं. तिने ते विचारलंच नाही.

"आन् त्यो?" ती म्हणाली. "तूच म्हणलीस ना, गावाला गेलाय."

"आई, त्यो मेला. तवाच मेला."

हे मी मोठ्याने पहिल्यांदा बोलले. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघींपैकी कुणी हात लावला नाही.

"मला काय ठावं न्हाई व्हय?" आई म्हणाली. "म्या तुझ्या बापाला गप केलं, ते तुझं पटलं म्हणून न्हाई. तुझा भाऊ जवळ ऱ्हायचा न्हाई, हे तवाच दिसून राहिलं व्हतं मला. म्हणलं, तू तरी ऱ्हाशील."

मला संताप आला. इतकी वर्षं मला वाटत होतं, दाराला कडी मी एकटीनेच लावलीय. बाहेरून आईनेही लावली होती आणि ती रोज माझ्या हातची भाकरी खात होती.

"मग आता जा म्हण," मी म्हणाले.

"म्हणावं वाटून राहिलंय. तोंडातून निघना."

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलत राहिलो. भाकरी मी करत होते, ती खात होती. मी शाळेत सरांना टाळत होते, आणि रविवारी आपण नाहीच म्हणणार, असं मला वाटायला लागलं होतं.

रविवारी सकाळी आईने मला ट्रंक उघडायला लावली. तळाशी साखरपुड्याची पांढरी साडी होती, ती काढायला सांगितली. मला वाटलं, आता ही साडीवर हात ठेवून शपथ घालते की काय. तिने साडी मांडीवर उलगडली. घड्यांवर ती पिवळी पडली होती. आमच्यात नवरीला पांढरं, तसं मयतालाही पांढरंच. आईने एकेक घडी हाताने सारखी केली, साडी परत माझ्या हातात दिली आणि खिडकीकडे बघत म्हणाली,

"ही माझ्यासाठी ठेव. मेल्यावर माझ्या अंगावर टाक. तुला लगनाला नवी घे."