ताईला पैकीच्या पैकी

माझी थोरली बहीण विसराळू म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायची. पाच शब्द सांगायचे, घड्याळ काढायला लावायचं, मग तेच शब्द परत विचारायचे. उभा जन्म तिने हेच केलं. घरी आली की जेवताना त्या म्हाताऱ्यांच्या नकला करायची. "एकाने घड्याळात तेरा आकडे काढले गं!" आम्ही पोट धरून हसायचो.

आता तिलाच अल्झायमर झालाय. चपला फ्रिजमध्ये ठेवते, मला चोर समजून चावते. मीही सत्तरीची, अंगात त्राण नाही, आणि आम्हाला तिसरं कोणी नाही. शुश्रूषागृहात तिला खाट मिळाली तर मी जगेन, नाहीतर आधी मीच जाईन. पण खाट मिळते परीक्षेत नापास झाल्यावर.

म्हणून तिला तिच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्याच हाताखाली शिकलेला. त्याने तिचं सकाळ-संध्याकाळचं रक्त तपासलं होतं.

"ताणाचं हार्मोन संध्याकाळी उतरायला हवं. मॅडमचं उतरतच नाही. या आजारात असं होतं."

मला वाटलं, देव पावला. मग परीक्षा सुरू झाली. "मी पाच शब्द सांगतो," एवढं त्याने म्हणायचा अवकाश, ताई घडाघडा म्हणाली, "कुलूप, लिंबू, घोडा, शाल, पिवळा." घड्याळ तर असं काढलं की भिंतीवर टांगावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

"पैकीच्या पैकी!" डॉक्टर खूश.

"अरे, तिचं पाठ आहे ते! शब्द बदल ना."

"शब्द ठरलेले असतात, मावशी."

"मग मी कोण, ते विचार तिला."

"ते परीक्षेत नाही. आणि नुसत्या रक्तावर खाट मिळत नाही."

मला रडू फुटलं. तशी ताईने पेन उचललं आणि माझ्याकडे वळली.

"घाबरू नका, आजी. मी पाच शब्द सांगते." सांगितले. घड्याळ काढायला लावलं. मग म्हणाली, "हं, आता शब्द सांगा."

कुलूप आठवलं. लिंबू आठवलं. कितीतरी रात्री जागलेल्या माझ्या डोक्यात पुढे काहीच येईना. ताई हसली. जेवताना हसायची तशीच.

"यांच्याबरोबर कोणी आलंय का?" तिने डॉक्टरला विचारलं.

"तुम्हीच आहात की, मॅडम," तो म्हणाला, आणि आम्हा दोघींना घरी पाठवलं.