पाण्यावरची पाळत

आमच्या शेजारच्या कंपाउंडर काकांइतका पाण्याला भिणारा माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडला नसता. गंमत म्हणजे हेच काका भरल्या विहिरीत काठावरून मुटका मारायचे आणि तासभर बाहेर यायचे नाहीत. त्यांना भीती बुडण्याची नव्हती, पिण्याची होती. ऐंशीच्या दशकात शिक्षिका म्हणून मी कुंभार पिंपळगावला बदलून गेले. सामान अजून टेम्पोतच होतं, तोच चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला एक उंच, वाळका माणूस समोर येऊन उभा राहिला. नाव नाही, गाव नाही, पहिलाच प्रश्न : "बाई, प्यायचं पानी कुठून भरनार?" मी म्हटलं, नळाचं. त्यांचा चेहरा असा उतरला, की जणू मी विष घेणार असल्याचं सांगितलं होतं.

एका खाजगी डॉक्टरांकडे जुलाबाच्या पुड्या बांधून बांधून त्यांना हे वेड लागलं होतं. भेटेल त्याला रामरामच्या आधी ते "पोट कसं हाय?" विचारत. एकदा त्यांनी बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवालाही अडवून विचारलं आणि त्याचं उत्तर येईपर्यंत वाजंत्री थांबली. त्यांच्या खिशात क्लोरीनच्या द्रावणाची तपकिरी बाटली असे. कोणाच्याही कार्यात जेवणाआधी ते गुपचूप पाण्याच्या टाकीपाशी जाऊन हिशेबानं थेंब टाकत, आणि मग पंगतीत कुजबुज सुरू होई, "आज मठ्ठ्याला दवाखान्याचा वास कसा काय?" त्यांचे डॉक्टर हसून म्हणायचे, "माझा दवाखाना बंद पाडायला मीच माणूस पगारावर ठेवलाय."

शहरात तेव्हा स्टीलचे फिल्टर मिळायला लागले होते. हौसेनं एक घेऊन मी काकांना दाखवायला बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं, तोटी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "चांगला हाय. पन हा बसनार कुनाच्या घरात? ज्याच्या घरी डॉक्टर जल्दी येतो, त्याच्याच. मजुराच्या घरी काय बसवायचं, ते सांगा."  उत्तर त्यांनीच शोधून ठेवलं होतं : एकावर एक दोन माठ, वरच्याच्या बुडाला बारीक भोक, आत धुतलेली वाळू नि कोळसा, तोंडाला चौपदरी फडकं आणि गाळून झालं की खालच्या माठात त्यांचे थेंब. गावातल्या कुंभारीणबाई आधी भोक पाडायलाच तयार होईनात. "कंपाउंडर, लोक म्हन्तील फुटका माल इकून राह्यली!" आठ दिवस त्यांच्या चाकाशेजारी बसून काकांनी त्यांना राजी केलं. मग हे माठ ओढ्यापलीकडच्या वस्तीत घरोघर गेले. तिथं बौद्ध कुटुंबं राहत. नळाच्या लाइनीचं ते शेवटचं टोक. पाणी येई ते करंगळीएवढं, तेही तासभर. काका रोज सकाळी तिकडे चक्कर मारून घरोघरच्या माठात थेंब टाकत आणि मगच दवाखाना उघडत. एक म्हातारी त्यांच्यासाठी रोज चहा ठेवायची. ते आधी तिच्या माठात डोकावत, मग कपाला हात लावत.

त्या उन्हाळ्यात काकांची झोप उडाली. पेठेतल्या गटारातून नळाची लाइन गेली होती आणि तिथं जोडाला ती झिरपते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. नळ सुटायच्या वेळी ते रस्त्यात आडवे होऊन जमिनीला कान लावत. पोरं हसत. ग्रामपंचायतीत त्यांनी तीन अर्ज दिले. मला म्हणायचे, "बाई, पानी उकळून घ्या. माझं मन बिलकुल ठिकानावर न्हाई." मी उकळत होते. पण एका दिवशी रॉकेल संपलं होतं, फिल्टर घासून वाळत टाकला होता, आणि माझ्या तीन वर्षांच्या मुलीनं बादलीतलं पाणी पेल्यानं पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर परगावी गेलेले, मोठ्या दवाखान्याची एस.टी. दुपारची. माझे यजमान जीप शोधायला धावले. मी भिंतीवरून हाक मारली. काका थेंबांची बाटली खिशात टाकून वस्तीकडे निघाले होते, ते तसेच आत आले. मीठ-साखरेचं पाणी करून दर मिनिटाला एक चमचा तिला पाजत बसले. ती ओकली की थांबायचे, पुन्हा चमचा. चमचा एकदाही सांडला नाही. "डोळे उघडे ठेव ग माय," एवढंच ते म्हणत होते. जीप मिळाली तशी तिला दवाखान्यात नेली. सलाइन लावलं. संध्याकाळी तिनं बिस्किट मागितलं, तेव्हा मी रडले.

दुसऱ्या दिवशी वस्तीत सहा जण आजारी पडले आणि तिसऱ्या दिवशी ती चहा देणारी म्हातारी गेली.

 आठवड्याभरानं ग्रामसभा भरली. पेठेत नवी लाइन टाकू, जे अनामत भरतील त्यांना घरात नळ देऊ, वस्तीचं पुढं बघू, असं ठरत होतं. काका उठले. त्यांनी टेबलावर दोन पेले ठेवले.

"ह्यात पेठेतलं पानी हाय अन् ह्यात वस्तीतलं. कोन्तं कुनाचं, सांगा बराबर."

दोन्ही सारखीच नितळ. 

"सांगता येत नसल तर पिऊन बघा."

सरपंचांचा हात पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला. तेव्हा काका इतक्या हळू बोलले, की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. "एकाच नळीतून आल्ते हे दोन्ही. अनामत भरल्यानं पोट येगळं होत न्हाई, साहेब. द्यायचं तर समद्यांला परवडंल असं द्या. न्हाई तर आपलंबी वाचनार न्हाई."

लाइन गटाराबाहेर काढायला सहा महिने लागले. आणखी वर्षभरानं वस्तीत अनामतीशिवाय दोन सार्वजनिक नळ आले. काका त्या दिवशी तिकडे गेले नाहीत. दवाखान्यात पुड्या बांधत बसले.

माझी बदली झाली, तेव्हा जायच्या आधी मी वस्तीत त्या म्हातारीच्या सुनेला भेटायला गेले. ती नळावर घागर भरत होती. म्हणाली, "काका एक दिवस चुकले न्हाईत. सासूबाई आजारी पडल्या, त्याच्या आदल्या दिवशीच तेवढे आल्ते न्हाई बघा." ते त्या दिवशी कुठं होते, हे मी तिला सांगितलं.  तिनं घागर खाली ठेवली आणि विचारलं, "मंग पोरगी बरी हाय ना आता?"

हे काकांना सांगावं की नाही, ते मला ठरवता आलं नाही. त्यांच्या जखमेवर बोट नको म्हणून मी गप्प राहिले. पुढे पत्रांतून ख्यालीखुशाली कळत राहिली, आणि एक दिवस ते गेल्याचं कळलं. आता वाटतं, सुनेनं फक्त पोरीची चौकशी केली होती, रागाचा एक शब्द काढला नव्हता. एवढा निरोप मी त्यांच्यापर्यंत पोहोचवायला हवा होता.