रिनाच्या लग्नाच्या दिवशी

राजुऱ्याच्या रोशनीला धाकट्या बहिणीच्या लग्नाची तारीख फोनवर कळली, तेव्हा ती आधी आनंदानं ओरडली आणि मग कॅलेंडर पाहून गप्प झाली. लग्न शनिवारी होतं. सोमवारी तिला विद्यापीठात आपल्या वर्षभराच्या कामाचं सादरीकरण करायचं होतं. ते चुकलं असतं तर अख्खं सत्र वाया गेलं असतं.

रोशनी तेव्हा थायलंडच्या ईशान्य भागात बांबूवर एम.एस्सी. करत होती. वडील गुणवंतराव कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आई मनकर्णा अंगणवाडीत. घरातून परदेशी शिकायला गेलेली ती पहिलीच. शिष्यवृत्तीचं पत्र आलं तेव्हा सगळ्यात जास्त नाचली होती ती रिना. दोघी एकाच पलंगावर झोपून, एकमेकींचे ड्रेस घालून, भांडून मोठ्या झालेल्या.

"तारीख बदलता नाई येत का, बाबा?"

"हॉल मिळून नाई राह्यला, बेटा. पोराकडच्यायचंही ठरलं आहे. तू नको येऊ. आधी शिक. आमी आहो ना इथी."

मग फोन रिनाकडे गेला. "मले हळद कोण लावन?"

"आई लावन. मंगलीकाकू लावन."

"मी त्यायचं नाई विचारून राह्यली," रिना म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी रोशनी हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून नुसतीच बसली होती. दार वाजवून नोई आत आली. नोई तिच्या वर्गातली, शेजारच्या लाओसची. तिचं गाव मेकाँग नदीच्या पलीकडे.

"अभ्यास होतोय?"

"नाही."

"होणारही नाही आज. चल माझ्या घरी. संध्याकाळी परत येऊ."

रोशनीनं पासपोर्ट घेतला आणि निघाली. दुपारी एक वाजता, म्हणजे राजुऱ्यात साडेअकराला, भाऊ मिथुन व्हिडिओ कॉल लावणार होता. तो कुठूनही बघता येईल असं तिला वाटलं.

बस पुलावर चढली तशी खाली मेकाँग दिसली. मार्च संपत आला होता. पाणी आटून मधे वाळूचे लांबच लांब पट्टे उघडे पडले होते आणि एका पट्ट्यावर कुणीतरी वांग्या-मिरच्यांची वाडी लावली होती. बल्लारपूरहून राजुऱ्याला येताना वर्धा नदीचा पूल लागतो, तिथून उन्हाळ्यात नेमकं असंच दिसतं. त्या पुलावर बस आली की रिना तिला कोपरानं ढोसायची, "उठ नं, घर आलं." रोशनी खिडकीकडे तोंड करून बसली. पलीकडे शिक्का मारून घेतला, फोन पाहिला, तर रेंज गेलेली. थायलंडचं सिमकार्ड पुलापलीकडे चालत नव्हतं.

"घरी गेल्यावर बघू," नोई म्हणाली. पुढचा रस्ता त्यांनी आपल्याकडच्या काळीपिवळीसारख्या, माणसं कोंबलेल्या गाडीतून कापला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं आणि त्यांच्यामागे पानं गळालेली सागाची झाडं.

नोईची आई अंगणातच उभी होती. बुटकी, केस मागे बांधलेली. तिची भाषा रोशनीला येत नव्हती आणि रोशनीची तिला. तिनं रोशनीचा हात धरून तिला चटईवर बसवलं आणि बांबूच्या टोपलीतून वाफाळता चिकट भात वाढला. सोबत आंबवलेल्या कोंबांची भाजी. पहिल्याच घासाला रोशनी थांबली. एटापल्लीला मामाकडे गेल्यावर मामी वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी करायची. आंबट वास तोच होता. रिनाला ती भाजी मुळीच आवडत नसे. ती आपल्या वाटची रोशनीच्या ताटात सरकवायची.

एक वाजायला आला. नोईनं आपल्या फोनमध्ये लाओसचं सिमकार्ड घालून त्यावरून इंटरनेट जोडून दिलं. कॉल लागला. हॉल दिसला, निळ्या-पांढऱ्या झालरी दिसल्या, टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. "ताई, दिसून राह्यलं का?" मिथुन गर्दीतून ओरडत होता. मग पांढऱ्या साडीतली रिना दिसली. ती मान वळवून कॅमेऱ्याकडे बघणार एवढ्यात चित्र थिजलं. अर्धवट वळलेली मान, कानातला झुमका, बस. रोशनी परतपरत लावत राहिली. अंगणात गेली, रस्त्यापर्यंत गेली. पुन्हा काही लागलं नाही.

ती आंब्याखाली बसली आणि रडू लागली. नोईनं आईला काय झालं ते सांगितलं. मग आई घरात जाऊन खांद्यावर पांढरं उपरणं टाकून, फुलं घेऊन बाहेर आली आणि रोशनीला खूण केली.

गावचा विहार जवळच होता. आत एक म्हातारे भंते पंख्याखाली बसले होते. नोईच्या आईनं फुलं वाहून त्यांना काहीतरी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळी रोशनीला कळल्याच नाहीत, उच्चार इतके वेगळे होते. मग एकाएकी कळल्या. ते त्रिसरण होतं. राजुऱ्यात त्या हॉलमध्ये याच घटकेला तेच चालू असणार. रोशनीनं हात जोडले आणि घरी म्हणतात तशा चालीत, मोठ्यानं म्हणू लागली. "बुद्धं सरणं गच्छामि..."

नोईची आई म्हणता म्हणता थांबली आणि तिच्याकडे बघत राहिली. भंतेंनी डोळे उघडले, पण थांबले नाहीत. पंचशील संपेपर्यंत दोघांचे आवाज सोबत चालले.

"तुला हे कसं येतं?" बाहेर आल्यावर नोईनं विचारलं. "भारतात तर आता कुणी बौद्ध नाही ना?"

"आमचे पणजोबा चांद्याला बाबासाहेबांकडून दीक्षा घ्यायला चालत गेले होते," रोशनी म्हणाली. "तेव्हापासून आमच्या घरी जन्म असो, लग्न असो, मरण असो, हेच म्हणतात."

नोईनं ते आईला सांगितलं. आईनं रोशनीच्या पाठीवर हात ठेवला आणि घरापर्यंत काढला नाही.

संध्याकाळी परतताना पूल ओलांडला तसा फोन थरथरायला लागला. फोटो, फोटो आणि फोटो. रोशनीनं ते न बघता रिनाला फोन लावला. रिना सासरच्या गाडीत होती, जिवतीच्या वाटेवर.

"ताई, तुले दिसली का मी?"

"दिसली. मस्त दिसून राह्यली होती."

"मले वाटलं तू येशीन. म्हणजे मले माहीत होतं तू नाई येत. तरी दाराकडे पाहून राह्यली होती मी."

"रिना..."

"घाट लागला, ताई. आता आवाज जाईन." आणि आवाज गेला.

सोमवारचं सादरीकरण बरं झालं. वर्षभरानं रोशनी पदवी घेऊन परतली, चंद्रपुरात नोकरीला लागली आणि पहिल्याच सुट्टीत एसटीनं जिवतीला गेली. रिनानं दारात पाण्याचा तांब्या आणून दिला, पाट मांडला. सासूबाई, दीर, जावा सगळे चांगले बोलले. रिना डोक्यावर पदर घेऊन पोहे वाढत होती, तिलाही "घ्या ना" म्हणत होती. दोघींना एकांतात बोलायला क्षणभरही मिळालं नाही.

निघताना रिना तिला स्टॅंडवर पोचवायला आली. दोघी कट्ट्यावर बसल्या आणि काय बोलावं ते दोघींनाही सुचेना. डोंगरावरून वारा येत होता, खाली ज्वारीची शेतं वाळत आली होती.

राजुऱ्याची बस आली. कंडक्टरनं दार उघडलं.

"ताई," रिना म्हणाली, "दुसऱ्या बसनं जा नं."

रोशनीनं कंडक्टरला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि पुन्हा कट्ट्यावर तिच्याशेजारी बसली.