कहानी नाही, कहाणी

पांढुर्ण्याच्या फलाटावर बाबांनी माझी ट्रंक खाली ठेवली आणि तिसऱ्यांदा विचारलं, “तिकीट ठेवलं ना वं?” मी तिसऱ्यांदा दाखवलं. सकाळच्या मोटारीनं सौंसरहून मोहगाव करत आम्ही आलो होतो आणि बाबा सगळा रस्ता गप्प. दवाखान्यात कंपाउंडर माणूस, दिवसभर रोग्यांशी बोलून शब्द संपत असतील, असं आई म्हणायची. गाडी दिसली तेव्हा मात्र बोलले, “प्रार्थना सोडू नको. आन् तिकडे चहा लय पिऊन राहू नको.”

ऐंशी-पंच्याऐंशीच्या मधलं ते साल. मी बावीस वर्षांची, मॅट्रिक घरी बसून प्रायव्हेट केलेली. जबलपूरला मिशनच्या कॉलेजात दोन वर्षं शिक्षिकेचं ट्रेनिंग करायचं आणि परत येऊन सौंसरला आमच्या चर्चच्या आवारात बालवाडी निघणार होती तिथं शिकवायचं, एवढाच बेत. मी निघाले ती परत येण्यासाठीच निघाले, हे तुम्ही लक्षात ठेवा. तुम्ही म्हणजे तिथंच राहिलेले, आणि माझ्यासारखे कुठं कुठं जाऊन पडलेले, सगळेच.

तिगाव मागे पडलं, घाट लागला आणि डब्यातली मराठी हळूहळू उतरून गेली. इटारसीला गाडी बदलली तेव्हा सगळं हिंदीच. तशी हिंदी काय आपल्याला परकी नाही, सौंसर पडलं मध्य प्रदेशात, तहसीलीत आणि शाळेत तीच होती. पण दिवसभर तिच्यातच राहायचं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखं. होस्टेलवर सकाळची प्रार्थना हिंदीत. मी मनात मराठीत करायची. ‘आमेन’ दोन्हीकडं सारखंच, म्हणून तेवढं जोरात म्हणायची.

आम्हाला एक विषय होता, ‘विश्व के धर्म’. शिकवायचे प्राचार्य सर, पांढऱ्या केसांचे, मायाळू माणूस. मला तो विषय फार आवडला, खरं सांगते. कोणाचा देव कसा, कोणाचे सण कोणते, जुन्या जुन्या गोष्टी. पुराच्या गोष्टी तर किती देशांत सापडतात! पोर घर सोडून जातं आणि बाप वाट पाहतो, अशा गोष्टी सगळीकडे. मी वहीवर वही भरून काढली. पण त्या पुस्तकात एक खटकायचं. त्यात धर्म होते, शेजारी नव्हते. हिंदूंच्या धड्यात आमच्या काकू कुठंच नव्हत्या.

काकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. त्यांचे यजमान संत्र्याच्या व्यापारात, दोन्ही मुलं नागपूरला शिकायला, लेक नाही. श्रावणातल्या दर रविवारी काकूंचा उपास असायचा आणि उपास सोडायच्या आधी कहाणी सांगायची असायची. आता कहाणी काही एकट्यानं सांगता येत नाही. ऐकणारी लागते. तिनं मुठीत तांदूळ धरून बसायचं, मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. मी चर्चमधून घरी पाय ठेवते न ठेवते तोच भिंतीवरून हाक यायची, “सुमे, झालं का वं तुह्यं चर्च? ये लवकर, माहा जीव चालला भुकेनं!”

“काकांना सांगा ना कहाणी,” मी म्हणायची.

“ह्यायले? अर्ध्यातच घोरतेत. मंग पुन्हा पयल्यापासून सांगू का?”

काकू आपल्याकडच्या बाकी सगळ्यांसारख्या पानी, लोनी, कोनी म्हणायच्या. पण ‘कहाणी’तला ण मात्र अगदी जिभेला जोर देऊन म्हणायच्या, कारण तो त्यांच्या चोपडीत छापलेला होता. कहाणी संपली की काकू देवाकडे कहाणीतल्या बाईसाठी मागायच्या, स्वतःसाठी मागायच्या, आणि मग माझ्याकडे बघून ऐकणारीसाठीही मागायच्या. माझ्या हातातले तांदूळ ताम्हनात ठेवले की आम्ही दोघी जेवायला बसायचो.

आईला ते पटत नसे. “चर्चमधून निघाली आन् थेट तिच्या देवापाशी?” बाबा म्हणायचे, “देवापाशी नाही. तिच्यापाशी जाऊन राहिली पोरगी.”

तर जबलपूरला पहिलं वर्ष संपताना मिशनच्या कमिटीचा एक फॉर्म आला. दुसऱ्या वर्षाला बसायचं असेल आणि पुढं मिशनच्या शाळेत जागा पाहिजे असेल तर भरून द्यायचा. त्यात एक प्रश्न होता: क्या आपने कभी किसी अन्य धर्म की पूजा-विधि में भाग लिया है? सगळ्या मुलींनी ‘नहीं’ लिहिलं आणि गप्पा मारायला गेल्या. मी लिहिलं, ‘हाँ, श्रावण में इतवार को कहानी सुनी है.’ हिंदीत काय लिहिणार? कहानीच लिहिलं.

सरांनी बोलावलं. माझी रूममेट सरोज सोबत आली होती, ती दारातच थांबली. सर फॉर्म वाचून खूप हसले. “अरे बेटी, कहानी! कहानी तो मैंने भी अपनी नानी से सुनी है. राजा-रानी की, चिड़िया की. इसमें डरने की क्या बात?” त्यांनी आपल्या लाल पेननं माझं ‘हाँ’ खोडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. “लिखो, नहीं. साइन करो, जाओ.”

सरोज दारातून मान हलवून सांगून राहिली होती, लिही, लिही. एका अक्षराची तर गोष्ट! त्यांनी न वाचला होता, माझ्या मनात ण होता, आणि त्या चुकीच्या पलीकडे सौंसरची बालवाडी, बाबा, सगळं तयार उभं होतं. मी पेन टेकवलंसुद्धा. पण ‘नहीं’चा न लिहायच्या आधी काकू दिसल्या. उपाशी पोटी माझ्यासाठी मागणाऱ्या. आणि मला वाटलं, आपण लिहून देऊन राहिलो की असं काही झालंच नाही.

“सर, वो कहानी नहीं,” मी म्हटलं. “कहाणी.”

“वही तो.”

“नहीं सर. ण.” आणि सगळं सांगितलं.

सरांचं हसू गेलं. “चावल मुट्ठी में थे?”

“थे.”

“रखे कहाँ?”

“काकू के भगवान के सामने.”

“फिर तो तुमने पूजा की.”

“पूजा काकू ने की, सर. मैंने काकू को सुना.”

त्यांनी माझ्या हातातलं पेन परत घेतलं. मग खोडलेल्या ‘हाँ’च्या वर पुन्हा ‘हाँ’ लिहून मला सही करायला लावली.

बाहेर आल्यावर सरोज म्हणाली, “पागल है तू.” असेन. पण माझा विश्वास त्या दिवशी जितका घट्ट झाला तितका कुठल्याच धड्यानं झाला नाही. माझी आई अक्षरओळख नसलेली. बाबा बायबल वाचायचे आणि ती ऐकायची, तिची सगळी श्रद्धा कानानं आलेली. ऐकल्यानं आईची श्रद्धा पक्की होत असेल तर ऐकल्यानंच माझी पातळ कशी होईल?

कमिटीनं मला दुसरं वर्ष दिलं. सौंसरची जागा नाही दिली. ती सरोजला मिळाली, जिला मराठीचा म येत नव्हता आणि ज्वारीची भाकर बघून जिनं विचारलं होतं, ये मोटी क्यों है? पत्र हातात देताना सर हळूच म्हणाले, “झूठ लिख देतीं तो घर पहुँच जातीं.”

मी म्हटलं, “पहुँच जाती सर. पर काकू के सामने बैठती कैसे?”

खोलीत येऊन मात्र मी रडले, खोटं काहून सांगू? मग डोळे पुसले, दुसरं वर्ष पुरं केलं, आणि सौंसरात दुसरं काम नव्हतं म्हणून जबलपुरातच एका घराच्या व्हरांड्यात सहा लेकरं घेऊन बालवाडी मांडली. तीस वर्षं चालवली. लग्न इथं झालं, लेकरं इथली, नातवंडं मला दादी म्हणतात आणि मराठी ऐकली की हसतात.

बाबांनी काकूंना खरं कारण कधी सांगितलं नाही. सुमीला तिकडेच चांगलं काम लागलं, एवढंच सांगितलं. पुढच्या श्रावणात बाबांचं कार्ड आलं, मी ते अजून ठेवलं आहे: ‘रविवारी आता मीच जाऊन बसतो. तांदूळ घेत नाही, नुसता बसतो. मला झोप येत नाही याचं तिला फार कौतुक.’

बाबा गेले, काकू गेल्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आता अनोळखी माणसं राहतात. मागं एकदा गेले होते, रस्त्यावर उभं राहून बघून आले, कोणी आत बोलावलं नाही, बोलावणार तरी कसं?

इथं शेजारची नवी सून विचारते, “आंटी, सौंसर में अब कोई है आपका?” नातू मधेच सांगून टाकतो, कोई नहीं. मी त्याला गप्प करते आणि म्हणते, हाँ, है.