राखाडी दहिसर

आमच्या वधूवर मंडळाने वेबसाइट काढायची ठरवली तेव्हा नकाशाचं काम माझ्याकडे आलं, कारण वॉर्डांच्या हद्दी तपासायची तसदी घेणारा समितीत मी एकटाच. नकाशातल्या रंगावर बोट ठेवलं की त्या भागातली लग्नाची मुलंमुली दिसणार, असा बेत. मी नोंदणीच्या आकड्यांवरून रंग दिले. जिथे नावं जास्त, तिथे रंग गडद. त्या नावांत माझी मुलगीही होती. आम्ही दहिसरचे.

समितीला आकडे नको होते. अंधेरीचे अध्यक्ष म्हणाले, स्थळं बघणाऱ्यांना सोयीचं पडेल असं करा. सोय म्हणजे काय, ते लगेच कळलं. अंधेरी-पार्ले गुलाबी. बोरिवली पिवळी. मुलुंड-घाटकोपर हिरवं, तेही समितीतल्या मुलुंडच्या बाई अडून बसल्या म्हणून. आणि दहिसर राखाडी, वसई, विरार, पनवेल यांच्यासोबत, ‘मुंबईबाहेर’ या नावाखाली. मुलांच्या आया तिकडे फिरकणार नाहीत, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी सांगितलं की दहिसर मुंबई महापालिकेत आहे, हद्द टोलनाक्यापाशी संपते आणि आम्ही नाक्याच्या अलीकडे राहतो.

“अहो, कागदावर असेल,” अध्यक्ष म्हणाले. “पण मुलगी दहिसरची म्हटलं की लोक आधी रिक्षाचं भाडं विचारतात.”

सगळे हसले. यांनी दहिसर पाहिलंय ते वज्रेश्वरीला जाताना, गाडीची काच वर करून. वर म्हणे, एका रंगाचं काय एवढं मनाला लावून घेता?

“मग अंधेरी राखाडी करा,” मी म्हटलं.

आता कुणी हसलं नाही. हात वर झाले आणि दहिसर मुंबईबाहेर गेलं. बदल मीच करून दिला, कारण त्या विद्वानांपैकी कुणाला नकाशा उघडताही येत नव्हता.

घरी मुलीला सांगितलं. तुझं नाव काढून घेतो, असंही म्हणालो. तिने मोबाइलवर राखाडी भाग उघडला आणि बराच वेळ वाचत बसली.

“राहू दे रे बाबा,” ती म्हणाली. “इथली मुलं निदान स्वतःबद्दल काहीतरी लिहितात. गुलाबीवाले नुसता फ्लॅटचा एरिया टाकतात.”

रविवारी ती पनवेलच्या एकाला भेटून आली. पुन्हा भेटणार आहे. अध्यक्षांचा पुतण्या अजून गुलाबीतच आहे. मी अधूनमधून खात्री करून घेतो.