स्पेलिंग तेवढं बरोबर होतं

"एकशे सेहेचाळीस!"

सरांनी माझा आकडा स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला. रोह्याच्या कॉलेजात तीन वर्षं त्यांनी मला इंग्रजी साहित्य शिकवलं होतं. विभागप्रमुख. मी परदेशातल्या चार विद्यापीठांत इंग्रजीच्या एम.ए.साठी अर्ज करत होते आणि त्यांच्याकडे शिफारसपत्र मागायला गेले होते. आधी प्रवेश परीक्षेचा निकाल दाखव, म्हणाले. मी मोबाईल पुढे केला. तो हातात घेऊन ते टेबलाकडे वळले. तिथे चार प्राध्यापक डबा खात होते.

"एकशे सत्तरपैकी. ऐकायला बरे वाटतात ना? पण ही परीक्षा मोजायलाच एकशे तीसपासून सुरुवात करते. तेवढे नुसतं खुर्चीवर बसल्याचे मिळतात."

कोणीतरी हसलं. सर माझ्याकडे वळले.

"मिठागरावर इंग्लिश लिटरेचर कोणाला शिकवणार गं? बगळ्यांना?"

सगळेच हसले.

मीही हसले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिणार. वरच्या माणसाने आपली टर उडवली की आपणही हसायचं, हे मला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. अंगातच होतं. बा मिठागराच्या मालकापुढे असाच हसायचा.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. आय-बा दोघंही मिठागरावर. लहानपणी सुट्टीत मीही मीठ ओढलंय. खाऱ्या पाण्याने टाचा फाटायच्या, आणि त्याच टाचांनी पुन्हा पाण्यात उतरायचं. कॉलेजसाठी मी रोह्याजवळ वरशाला आत्याकडे राहिले. बी.ए. झाल्यावर तिथूनच एका कंपनीच्या ऑफिसात लागले. परीक्षेचा अभ्यास केला तो जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर. घरात, शाळेत कधी कानावर न पडलेले शब्द पाठ केले. परीक्षेत मात्र वेगळेच आले. घड्याळ पळत होतं आणि मी एकेक वाक्य दोनदा वाचत होते. कमी पडले. ते कुणामुळे, कशामुळे, याचं रडगाणं मला गायचं नाही. कमी पडले.

पण सरांची मुलगीही याच परीक्षेत एकदा आपटली होती. हे त्यांनीच आम्हाला वर्गात सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले होते, "एका दिवसाच्या परीक्षेवरून माणूस मोजता येत नाही." आम्ही माना डोलावल्या होत्या. मी तर ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं.

माझ्या वेळी म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत."

तरी पत्र देतो म्हणाले. चार दिवसांनी त्यांच्या खोलीत बोलावलं. टाइप केलेला कागद हातात दिला. "नावाचं स्पेलिंग तेवढं बघून घे. मग पाठवतो."

मी दारातच उभी राहून वाचलं. स्पेलिंग बघितलं आणि मग सगळंच वाचलं. पत्र इंग्रजीत होतं. त्याचा मतलब असा: ही मुलगी मीठ कामगाराच्या घरातली आहे. अशा घरातून आलेल्या मुलीकडून याहून जास्त बुद्धीची अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय होईल. ती नम्र आहे. आज्ञाधारक आहे. सांगितलेलं काम करते.

मी काय वाचते, काय लिहिते, याबद्दल एक ओळ नाही.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक इंग्रजी कादंबरी होती. तिच्यातल्या मोठ्या घरात एक बाई रोज पहाटे येऊन खोल्या गरम करायला विस्तव पेटवते. तीनशे पानांत तिला नाव नाही. तिच्या विस्तवापुढे बसून बाकीचे प्रेम करतात, भांडतात, पत्रं लिहितात. मी त्या बाईवर दहा पानं लिहिली होती. सरांनी वर लाल शाईने शेरा मारला होता: विषयांतर.

दहा पानं त्यांनी वाचली होती. त्यातून त्यांना काय दिसलं? आज्ञाधारक.

माझे कान तापले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी टेबलापाशी गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, हे पाठवू नका."

"का? स्पेलिंग चुकलं?"

"स्पेलिंग बरोबर आहे. बाकी सगळं चुकलंय."

त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या मार्कांवर याहून चांगलं पत्र तुला कोणीही देणार नाही. उपकार समज."

"म्हणूनच नको."

त्यांच्यासमोर मी मोबाईल काढला आणि चारही अर्जांतून शिफारस देणारे म्हणून घातलेलं त्यांचं नाव पुसलं. ते म्हणाले, "मिजास बघा." कोणाला म्हणाले कोण जाणे. खोलीत आम्ही दोघंच होतो. या वेळी मी हसले नाही.

त्या आठवड्यात पेणला घरी गेले. आयला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती.

"तोंडावर बोललीस गो?"

"व्हय."

"बरा केलास," ती म्हणाली. पातेलं उपडं ठेवत म्हणाली, "मला नाय जमला कधी."

मग मी आमच्या एका मॅडमकडे गेले. त्या तासिका तत्त्वावर शिकवायच्या. त्यांच्या नावापुढे मोठं पद नव्हतं. म्हणाल्या, "माझ्या पत्राला वजन नाही गं." मी म्हटलं, "मला वजन नको. तुम्ही माझं वाचलंय ते लिहा." त्यांनी त्या दहा पानांबद्दल लिहिलं. मी अर्जासोबतच्या माझ्या निवेदनात परीक्षेचा आकडा पहिल्याच परिच्छेदात टाकला. सारवासारव केली नाही.

तीन ठिकाणांहून नकार आला. चौथ्याने उत्तरही दिलं नाही.

सरांना कळलं. रोहा केवढंसं! बाजारात भेटले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय, कुठे मिळालं का?"

"नाही मिळालं," मी म्हटलं. तेवढ्याच मोठ्याने. नजर खाली घातली नाही. शेवटी तेच दुसरीकडे बघायला लागले.

या वर्षी मी परत परीक्षेला बसतेय. आकडा वाढेल, नाही वाढणार. परत नकार येतील. येऊ देत. माझी परीक्षा कमी पडली, हे मी कुणालाही सांगेन. पण माझं घर कमी होतं म्हणून मी कमी, असं लिहिलेल्या कागदावर मला कुठलंही दार उघडून नको. ज्याला मला नाकारायचंय, त्याने आधी माझं लिहिलेलं वाचावं आणि मग नाकारावं. तोवर मी लिहीत राहणार.